रिकाम्या पुंगळीचा धातू नेमका कसा ओळखायचा? (वस्तू किनाऱ्यावरच्या, रंगावर भरवसा नाही)

किनारा_वाचनालय (हर्णै, ता. दापोली)

नमस्कार मंडळी. आमच्या वाचनालयातल्या जुन्या वस्तूंच्या कपाटाची नोंदवही नव्याने लिहायचं काम चालू आहे. त्यात पिस्तूल-रिव्हॉल्वरच्या रिकाम्या पुंगळ्यांचा (गोळी उडाल्यावर काडतुसाचं जे टरफल उरतं त्यांचा) एक डबा आहे. निवृत्त फौजी, शेतीसंरक्षणाचा परवाना असलेले बागायतदार आणि गावातली काही जुनी घरं यांनी वेळोवेळी दिलेल्या या पुंगळ्या. नोंदवहीत प्रत्येक वस्तूसमोर ‘धातू’ असा रकाना आहे, आणि गाडी तिथेच अडली आहे.

वर्णन देते:

अ) .३२ रिव्हॉल्वरच्या, बुडावर ‘केएफ’ शिक्का, पिवळ्याधमक.
आ) त्याच मापाच्या, पण बाहेरून चांदीसारख्या.
इ) ९ एमएमच्या, करड्या, हातात घेतल्यावर काही घेतलंय असं वाटत नाही इतक्या हलक्या. कोणीतरी परदेशातल्या रेंजवरून आठवण म्हणून आणलेल्या.
ई) ९ एमएमच्या, काळपट हिरव्या रंगाच्या, तोंडाशी तांबूस गंज.
उ) लहान, साधारण १७ मिलिमीटर लांब, समुद्रकाठच्या रेतीत सापडलेल्या. रंग गुलाबी-तांबडा, मध्येच हिरवे डाग.
ऊ) बारा बोअरची, लाल प्लास्टिकची नळी, पिवळं बूड. ही हातबंदुकीची नाही हे माहीत आहे, पण त्याच डब्यात आहे.

भंगारवाल्यांना विचारलं तर ‘उ’ शुद्ध तांबं आणि ‘अ’ गनमेटल असं उत्तर मिळालं. सराफाकडच्या मशीनवर तपासावं का? कोकमाने घासून मूळ रंग बघावा का? वस्तूंना इजा न करता खात्रीने कसं सांगता येईल?

---

बारा_बोअर (कुडाळ)

ताई, धातूच्या आधी एक गोष्ट बघून घ्या: डब्यातली प्रत्येक पुंगळी खरोखर रिकामी आहे का. देणगीत आलेल्या डब्यात एखादं जिवंत काडतूस निघणं आपल्याकडे नवं नाही.

टॉर्चने तोंडातून आत बघा. बुडाचा आतला भाग आणि मधलं बारीक भोक दिसलं पाहिजे. मग बुडावरची टोपी, म्हणजे प्रायमर, बघा. मधोमध घोड्याच्या सुईचा खळगा हवा. तोंड मोकळं पण टोपीवर खळगा नाही, तर टोपीतली स्फोटक भुकटी अजून जागी आहे. खळगा आहे पण तोंडाशी गोळी बसलेली आहे, तर ते न उडालेलं काडतूस, म्हणजे जिवंतच धरायचं. तोंड फुलीसारखं चेपून बंद केलेलं असेल तर ते नुसत्या आवाजाचं काडतूस असू शकतं. आत गोळी नसली तरी दारू असते. बाजूला भोकं पाडलेली असतील तर बहुधा कवायतीची.

.२२ बोअरला मधोमध टोपीच नसते, स्फोटक काठाच्या घडीत असतं. तिथे खूण काठावर शोधायची.

यातलं काहीही संशयास्पद निघालं तर घासायचं नाही, पाण्यात टाकायचं नाही, चुंबक लावायचं नाही आणि स्वतः उचलून ठाण्यात न्यायचंही नाही. जागच्या जागी ठेवून पोलिसांना फोन करा (११२). गरज वाटली तर ते जिल्ह्याचं बॉम्बशोधक पथक बोलावतात. रेतीतून वर आलेल्या वस्तूला हा नियम दुप्पट कडक लावा. विनापरवाना जिवंत काडतूस बाळगणं हा १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम २५ खाली गुन्हा आहे, आणि ‘संग्रहासाठी ठेवलं होतं’ हे उत्तर तिथे चालत नाही. रिकाम्या पुंगळ्यांबद्दलही गावच्या ठाण्यात एक यादी देऊन पोच घेतलेली बरी. संस्थेचा संग्रह आहे, कागद हाताशी असावा.

हात साबणाने धुवा. बहुतेक प्रायमरमध्ये शिशाचं संयुग असतं आणि त्याची काजळी पुंगळीत उरते. कपाट मुलं हाताळत असतील तर हे महत्त्वाचं.

‘ऊ’ चं उत्तर देऊन टाकतो. बारा बोअरचं पिवळं बूड बऱ्याच कारखान्यांचं पोलादाचं असतं, वर पितळेचा मुलामा. चुंबक लावा, टक्कन चिकटेल. नोंदीत ‘मुलामा दिलेलं पोलाद, नळी प्लास्टिकची’ असं लिहा.

---

मिश्रधातू (चिपळूण)

बारा_बोअर यांनी सांगितलेलं तपासून झालं असेल तरच पुढचं वाचा.

हातबंदुकीच्या पुंगळीसाठी चारच गोष्टी व्यवहारात भेटतात: पितळ, निकेलचा मुलामा दिलेलं पितळ, पोलाद आणि ॲल्युमिनियम. तांब्याची पुंगळी जुन्या काळी होती, आज हातात येणं विरळा. गनमेटल तर नाहीच. ते तांबं, कथील आणि थोडं जस्त यांचं ओतकामाचं मिश्रण, त्याचे व्हॉल्व्ह आणि बुश करतात. पुंगळी ओतून करत नाहीत. पत्र्याची चकती कापून, वाटी करून, ती टप्प्याटप्प्याने ओढून लांबवतात, आणि दोन ओढींच्या मध्ये तापवून मऊ करतात. इतकं ओढकाम सहन करणारं पितळ म्हणजे ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त. या मिश्रणाला जगभर काडतुसाचं पितळ म्हणूनच ओळखतात.

पितळच का? गोळी सुटताना पुंगळी फुगून चेंबरच्या (बंदुकीत काडतूस बसतं त्या जागेच्या) भिंतीला घट्ट बसते, त्यामुळे वायू मागे येत नाही. दाब उतरला की ती किंचित आकसते आणि सहज बाहेर निघते. पोलाद तितकं आकसत नाही, म्हणून त्याला लाख (वार्निशसारखं रोगण), पॉलिमर किंवा तांब्या-जस्ताचा पातळ थर देतात. गंज लागू नये हाही हेतू त्यात असतोच. ॲल्युमिनियम स्वस्त आणि हलकं, पण एकदा वापरून टाकायचं.

आता ओळखायचं कसं. रंग सगळ्यात शेवटी बघा. कोकणातल्या हवेत दोन पावसाळे उघड्यावर गेलेल्या पितळेचा रंग काहीही सांगत नाही, आणि मुलामा असेल तर नव्या वस्तूचाही सांगत नाही.

सुरुवात चुंबकाने. फ्रिजवरचं साधं चुंबक घ्या, ते पुंगळीच्या मधल्या भिंतीला लावा, टोपीला नको. घट्ट चिकटलं तर पोलाद, मग बाहेरचा रंग पिवळा असो, तांबडा असो की हिरवा. तुमच्या ‘ई’ चं उत्तर इथेच मिळेल असं वर्णनावरून दिसतं: लाख दिलेलं पोलाद. लाख तोंडाशी आधी खरवडली जाते, म्हणून गंज तिथून सुरू होतो.

इथे एक फसगत होते. हार्ड डिस्कमधलं किंवा स्पीकरमधलं जोरदार चुंबक वापरलं तर निकेलच्या मुलाम्यालाही हलकी ओढ जाणवते, कारण निकेल स्वतः चुंबकाला ओढ देतं. दोऱ्याला टांगलेली पुंगळी जरा झुकली, एवढ्यावरून तिला पोलाद म्हणू नका. साध्या चुंबकाला पुंगळी उचलली गेली पाहिजे.

दुसरी पायरी, तोंडाची कड. दहापट भिंग आणि चांगला उजेड एवढंच लागतं. तोंडाची कड गोळी बसवताना आणि सुटताना घासली जाते, तिथे मुलाम्याखालचा धातू बहुतेक वेळा आपोआप उघडा पडलेला असतो. चंदेरी पुंगळीच्या कडेला पिवळी रेघ दिसली की काम झालं: निकेलचा मुलामा, आत पितळ. तुमची ‘आ’ तीच असणार. चामड्याच्या पट्ट्यातल्या घरांत काडतुसं महिनोन्‌महिने राहिली की कमावलेल्या चामड्यातल्या आम्लाने पितळेवर हिरवा चिकट थर धरतो. तो टळावा आणि पुंगळी चेंबरमधून सहज सुटावी म्हणून निकेल देतात. कड झिजलेली नसेल तर शिवणाच्या सुईने तोंडाच्या आतल्या बाजूला एक मिलिमीटरची रेघ ओढा. बुडावर कधीच नाही, शिक्का हीच त्या वस्तूची ओळख आहे. रेघ पिवळी निघाली तर पितळ, पांढरी आणि सुई सहज रुतली तर ॲल्युमिनियम, करडी आणि सुई घसरली तर पोलाद.

तिसरी, वजन. ९ एमएमची पितळी पुंगळी साधारण ४ ग्रॅम भरते. ॲल्युमिनियमची घनता पितळेच्या एक तृतीयांशाहून कमी, त्यामुळे ‘इ’ हातातच कळली तुम्हाला. बुडावर ‘ब्लेझर’ किंवा ‘सीसीआय’ असं काही आहे का बघा. अमेरिकेत त्या नावाने ॲल्युमिनियमच्या पुंगळ्यांची काडतुसं खूप खपतात. मात्र त्याच नावाने पितळीसुद्धा येतात, म्हणून शिक्क्यावरून धातू ठरवू नका. शिक्का कारखाना आणि माप सांगतो.

‘केएफ’ म्हणजे पुण्याजवळचा खडकीचा दारूगोळा कारखाना. १८६९ पासूनचा, आता म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीत. तुमच्या ‘अ’ ला चुंबक लागलं नाही आणि कड पिवळी असेल तर ‘पितळ’ असं निःशंक लिहा.

राहिली ‘उ’. गुलाबी रंगावरून तांबं म्हणणं ही सगळ्यात मोठी चूक, आणि किनाऱ्यावर ती हमखास होते. खारट ओलाव्यात १५ टक्क्यांहून जास्त जस्त असलेल्या पितळेतून जस्त विरघळून निघून जातं आणि मागे सच्छिद्र, ठिसूळ तांबं उरतं. वरून वस्तू तांब्याची दिसते, आत पितळच असतं. हा फरक घनतेने उघडा पडतो:

शुद्ध तांबं ८.९६
९०-१० चं तांबूस पितळ सुमारे ८.८
७०-३० चं पितळ ८.५३
पोलाद ७.८५
ॲल्युमिनियम २.७

(सगळे आकडे घनसेंटिमीटरला ग्रॅममध्ये.)

कृती अशी. ०.०१ ग्रॅम दाखवणारा खिशातला काटा काही शे रुपयांत मिळतो. एकाच जातीच्या पाच-सहा तरी पुंगळ्या एकत्र घ्या. एकटी पुंगळी इतकं थोडं पाणी सारते की काट्याच्या शेवटच्या आकड्याची चूकच दोन-चार टक्के होते. आधी कोरड्या पुंगळ्यांचं वजन लिहा. मग काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून काटा शून्यावर आणा. पुंगळ्या बारीक तंगुसाने बांधून, तोंडं वर राहतील अशा, पाण्यात पूर्ण बुडवा. ग्लासच्या तळाला किंवा बाजूला टेकू देऊ नका. आता काटा जेवढे ग्रॅम दाखवेल तेवढे घनसेंटिमीटर पुंगळ्यांचं आकारमान. कोरडं वजन भागिले हा आकडा, म्हणजे घनता. समजा दहा पुंगळ्या ३९.८० ग्रॅम आणि पाण्यात टांगल्यावर काटा ४.६७ दाखवतो, तर घनता ८.५२, म्हणजे पितळ.

पाणी गोडं घ्या, खाडीकाठच्या विहिरीचं नको. मचूळ पाणी जड असतं. तापमानाची काळजी नको, ३० अंशांना अर्ध्या टक्क्याहून कमी फरक पडतो.

---

तांबट_आळी (रत्नागिरी)

सराफाच्या मशीनबद्दल विचारलंत. ते टंच काढायचं एक्स-रे मशीन असतं, आणि वस्तू खराब न करता धातू सांगतं हे खरं. पण तीन गोष्टी सांभाळा.

पहिली म्हणजे, ते फक्त वरचा अगदी पातळ थर वाचतं. निकेलच्या मुलाम्यावर धराल तर निकेलचा आकडा फुगवून दाखवेल. जस्त गेलेल्या गुलाबी पुंगळीवर धराल तर तांबं ९० च्या वर दाखवेल आणि भंगारवाल्याचं म्हणणं खरं ठरल्यासारखं होईल! त्या पुंगळीची खरवडलेली जागा मशीनच्या खिडकीवर ठेवायला सांगा.

दुसरी, मशीन सोन्याच्या हिशोबावर लावलेलं असतं. सोनं-चांदी-तांबं-जस्त अशा ठरावीक धातूंचीच बेरीज ते १०० करून देतं. पडद्यावर प्रत्येक धातूची वेगळी रेघ बघायला मागा, नुसती छापील चिठ्ठी घेऊ नका. तांबं ७०, जस्त ३० च्या आसपास आलं तर पितळ.

तिसरी, ॲल्युमिनियम या मशीनना बहुतेक दिसतच नाही, फार हलका धातू. ‘इ’ तिकडे नेऊ नका, भलतंच काही छापून येईल.

भंगाराच्या धंद्यात पुंगळ्यांचं पितळ वेगळं काढतात, कारण त्यात शिसं नसतं. नळाच्या तोट्या आणि व्हॉल्व्ह यांच्या पितळेत कातकाम सोपं व्हावं म्हणून शिसं घातलेलं असतं. पुंगळीच्या पितळेत ते घातलं तर ओढताना पत्रा फाटेल. म्हणून सराफाच्या मशीनने पुंगळीच्या भिंतीत दोन-तीन टक्के शिसं दाखवलं तर ते मिश्रणातलं नाही. प्रायमरची काजळी किंवा शिशाच्या गोळीचा माग चिकटलेला आहे. पुसून परत धरा.

आणि पुंगळ्या कोणीही विकत मागितल्या तर देऊ नका. भट्टीत एक जरी जिवंत गेलं तर ओतणाऱ्याच्या तोंडावर फुटतं.

---

किनारा_वाचनालय

सगळ्यांचे मनापासून आभार. पुंगळ्या एकेक करून टॉर्चने बघितल्या, सगळ्या रिकाम्या आहेत, टोप्यांवर खळगे आहेत. यादी ठाण्यात दिली.

‘ई’ आणि ‘ऊ’ चुंबकाला चिकटल्या. ‘आ’ च्या कडेला पिवळी रेघ स्पष्ट आहे. ‘इ’ वर ‘ब्लेझर’च आहे.

‘उ’ च्या सहा पुंगळ्यांचं कोरडं वजन १५.४८ ग्रॅम आलं. पाण्यात टांगल्यावर काटा १.९६, म्हणजे घनता ७.९०. ही तर पोलादाजवळ गेली, पण चुंबक लागत नाही. तांबंही नाही, पितळही नाही. हे काय असावं?

दुसरं, ‘अ’ पैकी तीन पुंगळ्यांना तोंडापासून खाली उभ्या बारीक भेगा आहेत. या गोळी उडवताना पडल्या की नंतर?

---

मिश्रधातू

ताई, ७.९० चं कारण हवा. टोपी आणि बुडाच्या मधल्या पोकळीत, आणि सुईमुळे आत गेलेल्या टोपीच्या कडेला बुडबुडा अडकतो. मधलं भोक इतकं बारीक असतं की पाणी आपणहून आत शिरत नाही. पुंगळीमागे दोन शतांश घनसेंटिमीटर हवा अडकली तरी तुम्हाला आलेला फरक पडतो. पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाका, पुंगळ्या त्यात रात्रभर ठेवा, मध्ये दोन-चार वेळा पाण्यातच टिचकी मारून बुडबुडे निघतात का बघा, आणि पाण्याबाहेर न काढता तशाच टांगून मोजा. आत वाळूचा कण उरला असेल तर तोही काढा. वाळू पितळेच्या साधारण एक तृतीयांश जड, ती घनता खाली ओढते.

दुसऱ्या मोजणीत आकडा ८.४ च्या पुढे आला तर पितळ. ८.५३ च्या किंचित खाली राहणंच अपेक्षित आहे, कारण वरचा थर सच्छिद्र झालाय. तांबं असतं तर ८.९ च्या जवळ गेलं असतं, आणि हवा अडकल्याने घनता कमीच दिसते, वाढलेली कधीच दिसत नाही. म्हणून तुमच्या मोजण्यांपैकी सगळ्यात मोठा आकडा खऱ्याच्या सगळ्यात जवळचा.

आता भेगा. हा विषय आपल्या देशाशी थेट जोडलेला आहे. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश फौजेची पितळी काडतुसं हिंदुस्थानात पावसाळ्यात साठवून ठेवली की न वापरताच तडकायची. घोड्यांच्या तबेल्यांजवळच्या साठ्यांत जास्त. कारण कळायला १९२१ उजाडलं. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी दाखवलं की दोन गोष्टी एकत्र आल्या की पितळ तडकतं: ओढकामातून धातूत राहिलेला ताण, आणि हवेतला अमोनिया. मूत्रातून निघणारा अमोनिया पावसाळी ओलाव्यात पितळेवर बसायचा आणि धातूच्या कणांच्या सीमेवरून भेग आत सरकायची. उपाय दोन निघाले: पुंगळी तयार झाल्यावर हलकं तापवून ताण उतरवायचा, आणि साठा कोरडा, अमोनियापासून दूर ठेवायचा.

कोकणात अमोनियाला तोटा नाही. गोठा, युरियाची पोती, कोंबड्यांचं खत, सुकत घातलेली आणि कुजकी मासळी. या पुंगळ्या ज्या घरातून आल्या तिथे माळा गोठ्यावर होता का, हे विचारून नोंदीत लिहून ठेवा. वस्तूच्या इतिहासाचा तो भाग आहे.

उडवताना फुटलेली भेग वेगळी ओळखता येते. तिच्यातून तप्त वायू बाहेर गेलेला असतो, म्हणून भेगेच्या दोन्ही काठांना बाहेरून काजळीचा पट्टा असतो आणि काठ किंचित बाहेर वळलेले असतात. साठवणीतली भेग केसासारखी, स्वच्छ, काठ जागच्या जागी. भिंगाखाली तिला बारीक फाटे फुटलेले दिसले तर संशय उरत नाही. बाहेरून पुसलेल्या पुंगळीवर मात्र काजळीची खूण चालत नाही, तिथे फक्त काठांचा आकार बघा.

---

जतन_सावंतवाडी

साफसफाईचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितो.

कोकम, चिंच, लिंबू: पितळेची घंगाळं आणि समया घासायला उत्तम, पुंगळीला नको. आम्लात जास्त वेळ राहिलेल्या पितळेतून जस्त आधी सुटायला लागतं आणि चकचकीत पिवळी वस्तू गुलाबी होऊन बाहेर येते. म्हणजे जी खूण बघायची ती आपणच तयार करायची. त्याहून वाईट प्रकार पोलादी आणि पितळी पुंगळ्या एकाच वाटीत भिजवल्यावर होतो. आम्लात उतरलेलं तांबं लोखंडावर येऊन बसतं आणि पोलादाची पुंगळी तांबडी होते. पुढच्या माणसाला ती ‘तांब्याचा मुलामा दिलेली’ वाटणार! डब्यात अशी एखादी असेल तर थर भुकटीसारखा असतो, कापसाच्या बोळ्याने घासला की बोळ्याला रंग लागतो. कारखान्यातला मुलामा असा निघत नाही.

पितळ चकाकवायची बाजारातली बरीच द्रावणं आणि लोशनं अमोनियाची असतात. वरचा प्रतिसाद वाचल्यावर ती का टाळायची हे सांगायला नको. वास घेऊनच कळतं.

कोमट गोडं पाणी, भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, मऊ दातघासणी, एवढंच पुरे. लाख दिलेल्या ‘ई’ ला तेवढंही नको, कोरड्या कापडाने पुसा आणि गंजलेल्या तोंडाला शिलाई मशीनच्या तेलाचं बोट. रेतीतल्या ‘उ’ ला मात्र जास्त वेळ द्या. त्यांच्या छिद्रांत मीठ बसलंय. बॅटरीत घालायचं शुद्ध केलेलं पाणी आणा, त्यात बुडवून ठेवा, रोज पाणी बदला, आठवडाभर. नंतर वाळवून कोरड्या डबीत ठेवल्यावरही फिक्या हिरव्या भुकटीचे ठिपके परत उगवले तर क्लोराइड, म्हणजे मिठाचा अंश, आत शिल्लक आहे, पुन्हा तेच करा. गडद हिरवा, घट्ट बसलेला थर खरवडू नका. तो स्थिर असतो, आणि त्याच्याखालची भिंत कागदासारखी पातळ झालेली असू शकते.

वाळवायला उन्हात पत्र्यावर नको. सावलीत, पंख्याखाली, तोंड खाली करून, आणि आतलं पाणी टिपायला कापसाची वात.

ठेवताना झाकण घट्ट बसणारा प्लास्टिकचा डबा, सिलिका जेलच्या पुड्या, आणि प्रत्येक जात वेगळ्या पॉलिथिनच्या पिशवीत. पोलाद आणि पितळ एकमेकांना टेकलेले ठेवू नका. ओल आली की पोलाद आधी गंजतं आणि गंजाचे डाग पितळेवर उतरतात. रबरबँड बांधू नका, रबरातल्या गंधकाने पितळ काळं पडतं. लाकडी खणात थेट मांडू नका, लाकडातून आम्लाची वाफ सुटते. जेल रंग बदलणारं घ्या. जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी बघा, रंग पालटला की कढईत मंद आचेवर सुकवून परत भरा. ती कढई स्वयंपाकाला वापरू नका.

नोंद लिहिताना ‘धातू’ रकान्यात निष्कर्षाबरोबर तो कशावरून काढला तेही लिहा. ‘पितळ, चुंबक नाही, तोंडाच्या आत रेघ पिवळी’ किंवा ‘पितळ, वरचा थर जस्त गेलेला, घनता अमुक, तारीख’. पुढे कोणी वेगळं सांगितलं तर परत सगळं खरवडायची वेळ येत नाही.

---

किनारा_वाचनालय

साबणाच्या पाण्यात रात्रभर ठेवून, टिचक्या मारून पुन्हा मोजलं. काटा १.८४, घनता ८.४१. एका पुंगळीच्या आतल्या बाजूची रेघही पिवळीच आली. ‘उ’ समोर ‘पितळ, वरचा थर जस्त गेलेला’ असं लिहिलं.

‘अ’ च्या भेगांना काजळी नाही, काठ वळलेले नाहीत, भिंगाखाली फाटे दिसतात. देणाऱ्या घरी विचारलं. डबा गोठ्यावरच्या माळ्यावरच होता. तेही नोंदवलं आहे. या तीन पुंगळ्या बाकीच्या ‘अ’ पासून वेगळ्या ठेवाव्या का? त्या तडकलेल्या पुंगळ्यांमुळे इतरांना लागण होते का?

---

मिश्रधातू

लागण होत नाही. पण सगळ्या एकाच माळ्यावर होत्या, तेव्हा न तडकलेल्यांवरही अमोनियाचा अंश असणार. सगळ्या ‘अ’ साबणाच्या पाण्याने आणि मग शुद्ध पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून जेलच्या डब्यात ठेवा. तडकलेल्या तीन वेगळ्या पिशवीत ठेवा, त्या हाताळताना तोंडाकडून दाबू नका, बुडाला धरा. पावसाळा संपला की न तडकलेल्या पुंगळ्यांची तोंडं भिंगाखाली परत एकदा बघा. कोरड्या डब्यात नवी भेग दिसली नाही तर त्यापुढे वर्षातून एकदा बघितलं तरी चालेल.